जेल लावूनही झुरळं का जात नाहीत? गिरगावातल्या एका इमारतीचं प्रकरण

गिरगावात जुनी चाळ पाडून त्या जागी उभी राहिलेली ही इमारत. तळमजल्याला दुकानांचे गाळे, त्यांतल्या एकात पोळी-भाजी केंद्र. मधल्या मजल्यांवर चाळीतलेच जुने भाडेकरू, आता हक्काच्या घरात. वर विक्रीचे फ्लॅट. चाळीतही झुरळं होतीच, पण ती मोरीच्या जाळीतून वर येणारी, बोटाच्या दोन पेरांएवढी, बिथरली की उडत थेट तोंडावर येणारी. त्यांना चपलेचा एक फटका पुरायचा. नव्या इमारतीत लागली ती जात निराळी. जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, फिकट तांबूस, मानेवरच्या ढालीवर दोन उभ्या काळ्या रेघा. ही उडत नाहीत आणि मोरीत फारशी दिसतही नाहीत. ती सापडतात किचन ट्रॉलीच्या बिजागरीत, मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या दाराच्या रबरात, वायफायच्या उबदार डब्यात.

सोसायटीने पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट दिलं. वर्षातून दोनदा माणूस यायचा, ट्रॉल्या रिकाम्या करायला लावायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यांत जेलचे मुगाएवढे ठिपके ठेवून जायचा. पहिल्या खेपेला चमत्कार झाल्यासारखं वाटलं. आठवड्याभरात ओट्यावर उताणी पडलेली झुरळं केरसुणीने गोळा करावी लागली. पुढच्या खेपांना तो परिणाम उतरत गेला, आणि शेवटी शेवटी तर जेल लावलं काय नि न लावलं काय, रात्री दिवा लावला की पळापळ तीच.

मग जनरल बॉडीत जे व्हायचं ते झालं. एक गट म्हणाला, कंत्राटदार पाणी घातलेला माल वापरतो. कंत्राटदार म्हणाला, माल तोच आहे, लोकांची स्वयंपाकघरं पाहा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हा आरोप मनावर घेतला आणि 'आमच्या घरी येऊन बघा कोण अस्वच्छ आहे ते' म्हणून सभाच घरी न्यायची तयारी दाखवली. बाकीच्यांनी पोळी-भाजी केंद्राकडे बोट दाखवलं. एका कॉलेजकुमाराने इंटरनेटवर वाचलेलं सांगितलं की झुरळांना आता गोड लागतच नाही, म्हणून ती जेल खात नाहीत. त्यावर सगळे हसले. मी या इमारतीत राहत नाही. जीवशास्त्र शिकवते, म्हणून कमिटीतल्या मैत्रिणीने मला बोलावलं होतं. मला त्या मुलाचं म्हणणं मुळीच हसण्यासारखं वाटलं नाही. सभेत मांडलेल्या सगळ्या तर्कांत अभ्यासाचा आधार असलेला तर्क तोच होता. तो या इमारतीला लागू पडतो का, हा मात्र वेगळा प्रश्न.

हे झुरळ मूळचं कुठलं

काळ्या रेघांचं हे बारकं झुरळ म्हणजे ब्लाटेला जर्मेनिका, जर्मन झुरळ. स्वीडनच्या लिनियसने १७६७ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. ती युरोपात झाली म्हणून नावात जर्मनी शिरली, एवढंच. त्या काळात रशियन लोक ते प्रशियाहून आलं म्हणायचे आणि जर्मन लोक रशियाहून. शेजाऱ्यावर ढकलण्याची ही रीत गिरगावातल्या त्या सभेतही दिसली.

कोड्याचा खरा भाग पुढेच आहे. हे झुरळ जंगलात कुठेच सापडत नाही. माणसाच्या घराबाहेर, गोदामाबाहेर, जहाजाबाहेर त्याची वस्तीच नाही. मग ते आलं कुठून? युरोपात त्याला जवळचा नातेवाईक नाही. आशियात मात्र आहे: ब्लाटेला असाहिनाई, आशियाई झुरळ. दिसायला इतकं सारखं की भिंग घेऊनही चकायला होतं. वागण्यात मात्र उलटं. ते पालापाचोळ्यात राहतं, चांगलं उडतं, दिव्याकडे झेपावतं. आपल्या स्वयंपाकघरातलं मात्र दिवा लागताच फटीत घुसतं.

या दोघांचं नातं नेमकं काय, हे छिआन तांग आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस'मध्ये मांडलं. सहा खंडांतल्या १७ देशांतून २८१ झुरळं गोळा केली होती. आधी मायटोकॉन्ड्रियातलं एक जनुक वाचलं. त्यात बहुसंख्य जर्मन झुरळांचा क्रम आशियाई झुरळाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. पण एका जनुकावर थांबणं म्हणजे नुसत्या आडनावावरून कोणाच्या सात पिढ्या सांगायला जाणं. म्हणून त्यांनी पूर्ण जनुकसंचात विखुरलेली हजारो ठिकाणं तपासली. एखाद्या जागी डीएनएचं अक्षर कुठल्या वस्तीत कोणतं आहे, कोणत्या दोन वस्त्यांत किती फरक साचलाय, कुठली वस्ती मूठभर झुरळांपासून वाढलेली दिसते, याची मोजदाद केली. फरक किती साचला आणि पिढ्या किती वेगाने होतात हे धरलं की फुटण्याचा काळ अंदाजाने काढता येतो.

निघालेलं उत्तर आपल्या अंगणातलं आहे. सुमारे २,१०० वर्षांपूर्वी, भारतात किंवा म्यानमारमध्ये, आशियाई झुरळाच्या एका शाखेने शेतातून माणसाच्या घरात मुक्काम हलवला. तिथून बाहेर पडायच्या दोन वाटा. पहिली सुमारे १,२०० वर्षांपूर्वीची, पश्चिमेकडे, उमय्यद आणि अब्बासी खिलाफतींच्या व्यापाराबरोबर नि लष्करी हालचालींबरोबर मध्यपूर्वेत. दुसरी सुमारे ३९० वर्षांपूर्वीची, पूर्वेकडे इंडोनेशियाच्या दिशेने, म्हणजे डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांचा काळ. युरोपात ते साधारण २७० वर्षांपूर्वी पोचलं, लिनियसच्या नोंदीच्या थोडंच आधी. आणि उरलेल्या जगात गेल्या शतका-सव्वाशतकात, वाफेची जहाजं आणि घरं गरम ठेवायची यंत्रणा आल्यावर.

२,१०० वर्षं म्हणजे सातवाहनांचा काळ, आणि सोपारा, कल्याण ही बंदरं आपल्या दारातली. कोकणच्या गलबतातूनच हे झुरळ जगभर गेलं असं लिहिण्याचा मोह मराठी माणसाला होणारच. अभ्यास मात्र बंगालच्या उपसागराभोवतीच्या प्रदेशाकडे बोट दाखवतो, तेव्हा हा मान सोडून द्यावा.

गिरगावच्या इमारतीसाठी यातली कामाची गोष्ट तारखांपेक्षा वेगळी आहे. या प्राण्याला रानातलं माहेर उरलेलं नाही. उंदीर एका इमारतीतून हाकलला तरी बाहेरच्या गटारात, बाजारात, कचराकुंडीत त्याचे भाईबंद असतातच. मोरीतल्या मोठ्या झुरळाचंही तसंच, शहराखालच्या नाल्यांचं जाळं हेच त्याचं घर. जर्मन झुरळ मात्र एका इमारतीतून खरोखर संपलं, तर ते परत येतं ते कोणीतरी आणलं म्हणूनच: किराण्याच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून, भाडेकरूच्या सामानातून.

दोन अब्ज अक्षरं आणि एक जीभ

या झुरळाचा पूर्ण जनुकसंच २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये प्रसिद्ध झाला. हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी तो वाळवीच्या जनुकसंचाशेजारी ठेवून वाचला होता, कारण वाळवी ही मुंग्यांची नव्हे, झुरळांचीच समाज करून राहणारी शाखा आहे. लांबी सुमारे दोन अब्ज अक्षरं. माणसाची तीन अब्जांच्या थोडी वर. पण जनुकांचा अंदाज एकोणतीस हजारांच्या आसपास, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या आपल्या वीसेक हजारांहून जास्त.

त्याच वर्षी ह्यू रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी त्यातली फक्त वास आणि चव ओळखणारी जनुकं वेगळी काढली. चवीच्या ग्राहकांची, म्हणजे रसायनं ओळखणाऱ्या प्रथिनांची, ४३१ जनुकं, आणि हवेतली-अन्नातली रसायनं टिपणाऱ्या आयनोट्रॉपिक नावाच्या ग्राहकांची ८९७. मधमाशीकडे चवीची अशी जनुकं जेमतेम दहा-बारा. मधमाशीचं पान ठरलेलं आहे, फुलातला रस आणि परागकण. झुरळाला मात्र भाताचं शीत, साबणाची वडी, पुस्तकाची खळ, तुटलेलं नख यांतलं काय खाण्याजोगं आणि काय विषारी हे अंधारात, क्षणात ठरवायचं असतं. ज्या किड्याला शेकडो प्रकारे चव घेता येते, त्याच्यात एखादी चव उलटी लागणारा एखादा वंश निघायला वावही तितकाच मोठा. त्यात भर म्हणजे त्याच्याकडे विषं फोडून टाकणाऱ्या एन्झाइमांच्या जनुकांचाही भरणा आहे, विशेषतः पी-४५० घराण्यातल्या.

आता त्या कॉलेजकुमाराची गोष्ट. १९८०च्या दशकात अमेरिकेत विष मिसळलेलं गोड आमिष लोकप्रिय झालं. काही वर्षांतच फ्लोरिडातल्या काही झुरळांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ज्युल्स सिल्व्हरमन यांच्या लक्षात आलं की त्यांना विष नव्हे, आमिषातलं ग्लुकोज नकोसं झालंय. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हा गुण आईबापांकडून पिल्लांत उतरतो, आणि जवळपास एकाच जनुकाचा खेळ असल्यासारखा उतरतो. पुढे वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल या तिघांनी २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की या झुरळांच्या तोंडाजवळच्या केसांतल्या ज्या चेतापेशी कडू चव ओळखतात, त्याच ग्लुकोजलाही दाद देतात. म्हणजे साखर त्यांना कडू लागते. एखाद्या झुरळाला शिकवून हे झालेलं नाही. ज्यांना ग्लुकोज गोड लागत होतं ती विष खाऊन मेली, ज्यांच्या अंगी आधीपासूनच ही खोट होती ती उरली, आणि त्यांचीच पिल्लं पुढे वाढली.

यापुढचा भाग गिरगावच्या प्रकरणात कुठेच बसत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. झुरळाचा नर मादीला वश करताना पंख उचलून पाठीवरच्या ग्रंथीतला गोड रस तिला चाटायला देतो. त्या रसात माल्टोज असतं. मादीच्या लाळेने माल्टोज फुटून ग्लुकोज तयार होतं. ज्या मादीला ग्लुकोज कडू लागतं ती पहिल्याच घासाला तोंड फिरवते आणि निघून जाते. जीव वाचवणारा गुण असा लग्नाच्या आड आला. गेल्या काही वर्षांत शाल यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की या वंशातल्या नरांनी त्यावर तोड काढली: त्यांच्या रसात माल्टोज कमी आणि माल्टोट्रायोज जास्त असतं, जे लाळेने इतक्या चटकन फुटत नाही, आणि मादी चाखायला लागताच ते मिलनाची घाईही करतात. माणसाने आमिषात घातलेल्या सिरपमुळे एका किड्याची प्रणयाराधनाची पद्धत बदलली, तीही चाळीस वर्षांच्या आत.

प्रत्यक्ष इमारतीत

मग गिरगावातली झुरळं ग्लुकोज टाळत होती का?

पोळी-भाजी केंद्राच्या ताईंनी मदत केली. औषधांच्या दुकानात मिळते ती ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून एका झाकणात, आणि नुसती भिजवलेली कणीक दुसऱ्या झाकणात, असं रात्री केंद्र बंद झाल्यावर ओट्याखाली ठेवलं. वरच्या मजल्यांवरच्या दोन-तीन स्वयंपाकघरांतही तसंच. लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात पाहिलं, कारण लाल उजेड झुरळांना फारसा जाणवत नाही. ग्लुकोजच्या झाकणाभोवती झुरळं दाटीवाटीने बसली होती, मोठीही आणि पिल्लंही. चव घेऊन मागे सरणारं झुरळ दिसलं नाही. हा घरगुती प्रयोग प्रयोगशाळेतल्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही, पण इमारतभर गोडाचा तिटकारा पसरला असता तर असं दृश्य दिसलं नसतं. तर्क चांगला होता, इथे लागू नव्हता. मुलगा जरासा खट्टू झाला.

मग आम्ही जेलचे ठिपकेच बघत सुटलो. इथे प्रकरण उलगडायला लागलं.

बऱ्याच घरांत ठिपके जसेच्या तसे होते, वाळून कडक झालेले. आणि त्याच घरांत सिंकखाली स्प्रेचा डबाही उभा होता. झुरळ दिसलं की लोक ट्रॉलीत फवारा मारत होते, थेट जेलच्या ठिपक्यांवर. बाजारातले बहुतेक फवारे पायरेथ्रॉइड गटातले असतात. समोरचं झुरळ त्यांनी मरतं, पण उरलेली त्या वासाच्या जागेपासून लांब पळतात. जेलचं सगळं गणित तर उलटं आहे. झुरळाने ते आवडीने खावं, फटीत परत जावं, तिथे मरावं, आणि त्याची विष्ठा नि मढं खाऊन पिल्लांनीही मरावं. फवारा आणि जेल एकाच कोपऱ्यात वापरले की दोन्हींचे पैसे वाया. कंत्राटदाराच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं, आणि रहिवाशांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या काही घरांत ठिपके साफ चाटलेले होते, मेलेली झुरळंही सापडली होती, आणि तरी महिन्याभराने बारकी पिल्लं दिसत होती. याचं उत्तर अंड्यांच्या कुपीत आहे. जर्मन झुरळाची मादी अंडी कुठेतरी टाकून जात नाही. तीस-चाळीस अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला धरून ती तीनेक आठवडे फिरते, किंवा खरं म्हणजे फिरतच नाही. या काळात ती फटीत दडून असते आणि अगदी थोडं खाते. जेल ताजं असतं ते सुरुवातीचे दिवस ती अशीच बसून काढते. कुपीतून पिल्लं बाहेर पडतात तोवर ठिपके वाळलेले असतात. सहा महिन्यांनी पुन्हा जेल येतं तोवर दोन पिढ्या होऊन जातात. 'वर्षातून दोनदा' ही कंत्राटातली अट हिशेबाच्या सोयीची होती, किड्याच्या आयुष्याशी तिचा काही संबंध नव्हता. पहिली फेरी झाल्यावर तीन-चार आठवड्यांत दुसरी व्हायलाच हवी.

राहिला मालाचा प्रश्न. कंत्राटदाराने रिकाम्या नळ्या दाखवल्या. माल भेसळीचा दिसला नाही, पण प्रत्येक नळीवर विषाचं नाव एकच: इमिडाक्लोप्रिड. सुरुवातीपासून तेच. ज्या झुरळांची एन्झाइमं हे विष जरा लवकर फोडतात, किंवा चेतापेशीतल्या ज्या ग्राहकाला ते चिकटतं त्याचा आकार जरा वेगळा आहे, त्यांची निवड दर फेरीला होत राहिलेली असणार. पर्ड्यू विद्यापीठातल्या मायकल शार्फ यांच्या गटाचा २०१९ चा अभ्यास इथे वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या इमारतींत त्यांनी सहा महिने वेगवेगळ्या रीती वापरून पाहिल्या. विषं आलटूनपालटून दिली तर झुरळांची संख्या जेमतेम होती तिथेच राहिली. दोन विषं एकत्र दिली तर उलट वाढली. सगळ्यात उत्तम परिणाम आला तो एकाच जेलचा, पण जिथे आधी चाचणी करून त्या विषाला दाद न देणारी झुरळं फार थोडी आहेत असं कळलं होतं तिथेच. आणखी वाईट बातमी अशी की एका विषाला सरावलेल्या झुरळांची पिल्लं कधी न भेटलेल्या दुसऱ्या विषालाही दाद देईनाशी झाली, आणि तेही एकाच पिढीत.

तेव्हा 'ब्रँड बदला, काम होईल' हा सभेतला सल्ला अर्धाच बरोबर. ब्रँड बदलून आतलं विष तेच राहिलं तर काहीच बदलत नाही. नळीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं नाव वाचावं लागतं. इमिडाक्लोप्रिड चेतापेशीतल्या ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकावर बसतं, तर फिप्रोनिल गाबा नावाच्या रसायनाच्या वाटेत आडवं येतं. दोन्ही वेगवेगळ्या जागी मारतात, म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाण्यात अर्थ आहे. पण फिप्रोनिल ज्या जागी बसतं तिथला एक बदल डिल्ड्रिनसारख्या जुन्या विषांच्या काळापासून किड्यांत आढळतो, तेव्हा तिथेही गाफील राहून चालत नाही. प्रयोगशाळेत नमुने पाठवून जनुकीय चाचणी करून घ्यावी असं मला वाटत होतं. सोसायटीच्या बजेटात ते बसलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढचा मुद्दा हाती लागल्यावर त्याची तितकी निकडही राहिली नाही.

फ्लॅट की इमारत

जेलचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेले नव्हते. ज्याला हवं त्याने द्यायचे, त्याच्या घरी जेल. निम्म्याच्या आसपास घरं घेत होती. काही म्हणत, आमच्याकडे नाहीतच. दोन फ्लॅट कायम बंद. गाळे तर निवासी सोसायटीच्या हिशेबाबाहेरच. वर पाइपांची डक्ट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सलग, आणि प्रत्येक स्वयंपाकघराचा सिंकचा पाइप तिच्यात उतरणारा, भोवतीची भोकं सिमेंटने बुजवलेलीच नाहीत.

इथे जनुकशास्त्र थेट उपयोगी पडतं. एड वार्गो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकाच इमारतीतल्या वेगवेगळ्या घरांपासून ते वेगवेगळ्या खंडांपर्यंतच्या जर्मन झुरळांच्या डीएनएची पायरी-पायरीने तुलना केली होती. एका इमारतीतल्या घराघरांतली झुरळं जनुकांनी फारशी वेगळी निघाली नाहीत. इमारत बदलली, शहर बदललं की फरक वाढत गेला. म्हणजे झुरळांच्या दृष्टीने फ्लॅट क्रमांक, दरवाजा, नावाची पाटी यांना किंमत नाही. पूर्ण इमारत ही त्यांची एक वस्ती, आणि तिथली बहुतेक झुरळं कधीतरी आत आलेल्या मोजक्या पूर्वजांची प्रजा.

काकूंच्या घरी खरोखरच ओटा लखलखीत होता. तरीही झुरळं होती, कारण त्यांच्या सिंकच्या पाइपाभोवतीच्या भोकातून बंद फ्लॅटची डक्ट दिसत होती. काकूंना हे दाखवल्यावर त्यांनी कंत्राटदाराला परत एकदा सगळं ऐकवलं, ते वेगळं. ज्या घरांत जेल नव्हतं ती घरं दर फेरीनंतर जेल घेणाऱ्या घरांना झुरळं पुरवत होती. आणि निम्म्याच इमारतीत विष असल्यामुळे ते पचवणारी आणि कधी न भेटलेली अशी दोन्ही झुरळं आपसांत मिसळून नवी पिढी घडवत होती.

काय ठरलं

ठराव सोपा नव्हता. जेल आता मेंटेनन्समध्ये, सक्तीने, सगळ्या घरांसाठी एकाच आठवड्यात. गाळेवाल्यांनाही त्यात धरायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी 'माझ्याकडे एकही झुरळ नाही, मी का भरू' म्हणून हरकत घेतली. त्यांच्या ट्रॉलीत रात्री चिकट सापळा ठेवला आणि सकाळी तो सेक्रेटरीच्या टेबलावर आणला. हरकत मागे घेतली गेली.

सापळे हीच पुढे मुख्य गोष्ट झाली. बाजारात मिळणारे चिकट पुठ्ठे, प्रत्येक घरात सिंकखाली एक, फ्रिजमागे एक. आधी पुठ्ठे, मग जेल, तीन आठवड्यांनी पुन्हा पुठ्ठे, आणि जिथे सापडतील तिथेच पुन्हा जेल. विष बदलून फिप्रोनिलचं घेतलं. फवाऱ्यांना स्वयंपाकघरात बंदी. डक्टमधली भोकं प्लंबरने पांढऱ्या सिमेंटने बुजवली. झुरळं तगण्यात अशा भोकांचा वाटा विषाला सरावण्याइतकाच मोठा असावा असं माझं मत आहे, पण त्यावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही. झुरळांच्या वाळलेल्या विष्ठेतली आणि कातेतली प्रथिनं दम्याच्या रुग्णांना त्रास देतात आणि झुरळं मेल्यावरही धुळीत राहतात, म्हणून ट्रॉल्यांच्या मागची जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यायचंही ठरलं. ते निम्म्यांनी केलं.

पोळी-भाजी केंद्राच्या ताईंचं काम सर्वांत कठीण. त्यांच्याकडे रोज नवी खोकी येतात, आणि पुठ्ठ्याच्या नागमोडी थरात झुरळाला हवी तशी फट असते. त्यांनी एक नियम केला: खोकं गाळ्याबाहेर फुटपाथवरच उघडायचं, माल डब्यांत भरायचा आणि पुठ्ठा त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला द्यायचा. पीठ मळायच्या यंत्राची मोटर उघडून आतून साफ करून घेतली. त्यात जे निघालं त्याचं वर्णन इथे करत नाही.

काही महिन्यांनी बहुतेक घरांतले पुठ्ठे कोरे येऊ लागले. केंद्रातल्या पुठ्ठ्यावर अधूनमधून एखादं मोठं झुरळ सापडतं, पिल्लं नाहीत. त्यावरून ती खोक्यातून आलेली पाहुणी असावीत, तिथे जन्मलेली नव्हेत. काकूंच्या रांगेत मात्र पिल्लं अजून सापडतात, चार घरांत, एकाखाली एक. ती सगळी त्या बंद फ्लॅटच्या डक्टला लागून आहेत. फ्लॅटचे मालक डोंबिवलीला राहतात. सेक्रेटरींनी तीनदा फोन केल्यावर त्यांनी किल्ली भाच्याबरोबर पाठवतो असं कबूल केलंय, आणि तोवर त्या रांगेत कंत्राटदाराने स्वखर्चाने एक जास्तीची फेरी मारायची असं ठरलंय.